नोंदी वर जातात, उत्तर खाली येते का?

वाणिज्य शाखेच्या किंवा संगणक अभ्यासक्रमाच्या प्राथमिक पुस्तकात 'व्यवस्थापकीय माहिती प्रणाली' नावाचे एक प्रकरण असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रणालीला एमआयएस म्हणतात. प्रकरणाच्या पहिल्या दोन-तीन पानांत एक व्याख्या आणि एक त्रिकोण हमखास सापडतो. व्याख्या अशी की, कच्च्या नोंदींवर प्रक्रिया केली म्हणजे माहिती तयार होते आणि योग्य माहिती योग्य वेळी योग्य व्यवस्थापकाला पुरवणारी व्यवस्था म्हणजे माहिती प्रणाली. त्रिकोणाला तीन मजले असतात. तळाशी रोजचे कामकाज, मधे देखरेख व नियंत्रण, शिखरावर धोरण. नोंदी तळाशी जन्मतात, वर जाताना त्यांची बेरीज व सरासरी होते आणि शिखरावर त्या एका पानाच्या अहवालात मावतात. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, त्रिकोण काढतात, गुण मिळवतात.

या व्याख्येत आणि त्रिकोणात खोटे असे काही नाही. मात्र ही दोन्ही अपुरी आहेत आणि दोन्हींमधली उणीव एकाच जागी आहे, असे आम्हाला वाटते. ज्याच्याकडून नोंद घेतली जाते, त्या माणसाला या चित्रात जागाच नाही. हा आक्षेप नुसता तात्त्विक नाही. शेतकऱ्याच्या हातात पडणारे पैसे आणि शिक्षकाचा खर्च होणारा वेळ, या दोन्हींशी त्याचा संबंध आहे.

आधी जमेची बाजू

टीका करण्यापूर्वी या कल्पनेचे श्रेय तिला दिले पाहिजे. व्यवसायाच्या कामासाठी संगणक पहिल्यांदा नियमितपणे वापरला तो १९५१ साली, लंडनच्या लायन्स या कंपनीने. ही कंपनी संगणक बनवणारी नव्हती. ती चहा-फराळाची दुकाने चालवत असे आणि पाव-केक भाजत असे. तिने 'लिओ' नावाचा स्वतःचा संगणक बांधून घेतला. पुढे दुकानांच्या रोजच्या मागणीचे कामही त्याच्याकडे आले. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी आधीच नोंदवून ठेवलेली असे. दुकान सांभाळणारी बाई दूरध्वनीवरून फक्त फरक सांगे : उद्या अमुक वस्तू जास्त, तमुक कमी. सगळी यादी रोज पुन्हा लिहायची नाही, जे बदलले तेवढेच कळवायचे. पुस्तकांत 'अपवादात्मक अहवाल' म्हणून जी कल्पना शिकवतात, तिचे इतके सोपे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती बाई संध्याकाळी फरक कळवी आणि त्याप्रमाणे माल तिच्याच दुकानात येई. नोंद देणाऱ्याला त्या नोंदीचे फळ दुसऱ्याच दिवशी दिसत असे.

त्रिकोणाचे मजले रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ साली हार्वर्डमधून प्रसिद्ध केलेल्या विवेचनातून आले. मोठ्या कंपनीच्या दृष्टीने ही विभागणी उपयोगी आहे. कारखान्यातल्या मुकादमाला तासातासाचे आकडे लागतात, संचालकाला वर्षाचे. दोघांना एकच कागद देणे चुकीचे, हे या विभागणीमुळे स्पष्ट झाले. अडचण येते ती पुढे. मोठ्या कंपनीचे हे चित्र 'व्यवसाय' या शब्दाचे एकमेव चित्र म्हणून शिकवले जाते, तेव्हा.

रोहिणखेडच्या कापसावर परीक्षा

बुलढाणा जिल्ह्यात 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असे दोन भाग लोक मानतात. मोताळा तालुक्यातले रोहिणखेड हे घाटाच्या अगदी पायथ्याचे गाव. इतिहासात ते १४३७ आणि १५९१ च्या लढायांसाठी ओळखले जाते. खानदेशातून घाट चढून दक्षिणेत जाणाऱ्या वाटेवर ते होते. आज या भागातल्या मुलांना जो व्यवसाय घरोघरी दिसतो, तो कापसाचा. म्हणून त्रिकोणाची परीक्षा घ्यायला आम्ही कंपनी न निवडता रोहिणखेडचा एक कास्तकार कल्पिला आहे. त्याची कापसाची चार एकर जमीन आहे आणि वेचणी होऊन घरात २० क्विंटल कापूस पडला आहे.

हा माणूस त्रिकोणाच्या कोणत्या मजल्यावर राहतो? पुढच्या वर्षी कापूस लावायचा की सोयाबीन, हे तोच ठरवतो. हे धोरण झाले. वेचणीच्या मजुरीला पैसे कोठून आणायचे आणि कोणते देणे आधी फेडायचे, हेही तोच पाहतो. ही मधली पायरी. उद्या टेम्पो सांगायचा की नाही, हे रोजचे कामकाज. तिन्ही मजले एकाच डोक्यात आहेत. पुस्तकातल्या त्रिकोणात मात्र त्याला तळाच्या रेषेवर ठेवतात. तेथे तो निर्णय घेत नाही, नुसत्या नोंदी पुरवतो.

आता व्याख्या तपासू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सीसीआयच्या म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत हा पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो. त्यापुढे दर टक्क्याला भावातून एक टक्का कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर माल घेतला जात नाही. समजा, आपल्या कास्तकाराच्या कापसात ११ टक्के ओलावा आहे. हा आकडा यंत्राने मोजलेला, कोष्टकात मांडलेला, भावाशी गुणलेला आहे. पुस्तकाच्या व्याख्येप्रमाणे ही 'माहिती' झाली. पण तिने त्याचा निर्णय बदलतो का?

हिशेब करून पाहू. तसाच विकला तर भाव ७,८६६ रुपये ७० पैसे, म्हणजे २० क्विंटलचे १,५७,३३४ रुपये. वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर पूर्ण भाव मिळेल, पण पाणी उडाल्याने वजनही घटेल. ओलावा एकूण वजनाच्या टक्केवारीत धरला, तर २० क्विंटलचे साधारण १९.३५ क्विंटल उरतील आणि त्यांचे सुमारे १,५६,९०० रुपये होतील. फरक चारशे रुपयांच्या आसपास, तोही न वाळवण्याच्या बाजूने. ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान नेमका आकडा कळून फारसे काही बदलत नाही.

आता ओलावा १३ टक्के असेल तर? माल परत येतो. टेम्पोचे जाण्यायेण्याचे भाडे, हमाली आणि एक दिवस वाया जातो. त्याला हवी असलेली माहिती एवढीच आहे : 'बाराच्या वर की खाली?' आणि ती टेम्पो भरण्यापूर्वी हवी. केंद्रावर पोहोचल्यावर तीच गोष्ट अचूक दशांशात कळली, तरी ती आता माहिती राहिली नाही, निकाल झाला.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे गणित मांडले, तेव्हा माहितीचे माप त्यांनी अनिश्चिततेशी जोडले. ज्या संदेशाने अनिश्चितता कमी होत नाही, त्यात माहिती नाही. आपली भाषाही हेच सांगते. कोणाला तरी 'माहीत' झाली, तरच ती 'माहिती'. म्हणून पुस्तकातली व्याख्या आम्ही अशी दुरुस्त करू : ज्या नोंदीमुळे ठरावीक माणसाचा ठरावीक निर्णय, वेळ असेपर्यंत बदलू शकतो, ती माहिती. प्रक्रिया केली की नाही, हा दुय्यम प्रश्न आहे.

यंत्र काय मोजते?

रसेल ॲकॉफ या अमेरिकन अभ्यासकांनी १९६७ साली 'मॅनेजमेंट मिसइन्फर्मेशन सिस्टिम्स' हा लेख लिहिला. नावातच चिमटा आहे : माहितीच्या नव्हे, चुकीच्या माहितीच्या प्रणाली. अशा प्रणाली रचणारे पाच गोष्टी न तपासता गृहीत धरतात, असे त्यांचे म्हणणे होते. व्यवस्थापकाला माहिती कमी पडते, तो मागतो तीच त्याला लागते, ती मिळाली की त्याचे निर्णय सुधारतात, विभागांनी एकमेकांना जास्त कळवले की काम चांगले होते आणि प्रणाली आतून कशी चालते हे वापरणाऱ्याला कळायची गरज नाही. पहिल्या गृहीताला त्यांचे उत्तर असे होते की, लोकांना खरा त्रास होतो तो निरुपयोगी माहितीच्या ढिगाचा. मागवण्यापेक्षा गाळणे महत्त्वाचे.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी पाचवे गृहीत विशेष पाहावे. कापसाचा ओलावा मोजणारी नेहमीची यंत्रे ओलावा थेट मोजतच नाहीत. ती कापसाचा वीजरोध मोजतात. कापूस जितका ओला, तितका रोध कमी. रोधावरून ओलाव्याचा अंदाज बांधून तो पडद्यावर दाखवला जातो. मग कापूस किती दाबून धरला, टोके ढिगाच्या वरच्या थरात खुपसली की मधल्या, माल उन्हात तापलेला होता की पहाटेच्या दवातला, यावर आकडा हलतो. हे ठाऊक असलेला कास्तकार 'मधला कापूस काढून पुन्हा लावून पाहा' असे म्हणू शकतो. ज्याला ठाऊक नाही, त्याला पडद्यावरचा आकडा म्हणजे देवाचा कौल वाटतो.

हीच गोष्ट खेडा खरेदीत दिसते. व्यापारी दारात येतो, हातात कापूस घेऊन पाहतो, भाव सांगतो. जिनिंगवाला आज काय देतो आहे, हे त्याला ठाऊक असते. कास्तकाराला ते ठाऊक नसेल तर घासाघीस बरोबरीची होत नाही. येथे संगणक नाही, अहवाल नाही, तरी माहितीची प्रणाली आहेच. तिची एक बाजू भरलेली आहे आणि दुसरी रिकामी.

गावाचा एकच आकडा

त्रिकोणात वर जाताना सरासरी होते, असे आपण म्हटले. त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे पैसेवारी. तिलाच पूर्वी आणेवारी म्हणत. गावातल्या पिकाचे उत्पन्न नेहमीच्या मानाने किती आले, ते रुपयात इतके पैसे असे सांगतात. नजरअंदाजापासून सुरुवात होते, मग सुधारित आकडा येतो, शेवटी अंतिम. आकडा पन्नास पैशांच्या खाली गेला की टंचाईच्या सवलतींचा प्रश्न पुढे येतो. परीक्षा शुल्काची माफी त्यांतलीच एक, म्हणून शिक्षकांना हा आकडा चांगला परिचयाचा. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवण्यासाठी पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवाई असे इतर निकषही आले.

जिल्हाधिकाऱ्यांना एका गावासाठी एकच आकडा पुरतो आणि तोच योग्यही आहे. शेताशेताचे आकडे त्यांच्या टेबलावर ठेवले तर ॲकॉफ म्हणतात तो ढीग तयार होईल. पण नाल्याकाठच्या शेतात पीक साधले आणि माळावरच्या शेतात जळाले, हे त्या आकड्यात दिसत नाही. वर गेलेला आकडा परत खाली लावताना सरासरी प्रत्येकाच्या माथी सारखी बसते.

शिवाय तळाची नोंदच चुकली, तर वरची सगळी इमारत चुकते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणी प्रयोगांच्या बाबतीत हेच दाखवले. मोजणीचा तुकडा फार लहान घेतला, तर त्याच्या कडेवरची झाडे आत मोजली जातात आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त भरते. तुकडा पुरेसा मोठा आणि चिठ्ठी टाकल्यासारखा निवडलेला हवा. आकडेमोड कितीही बिनचूक असली, तरी कडेवरच्या चार रोपांची चूक ती दुरुस्त करू शकत नाही. एमआयएसच्या प्रकरणात संगणकाला पाच पाने आणि मोजणीला एक ओळ मिळते, याचे आम्हाला म्हणूनच आश्चर्य वाटते.

वारणेचा अनुभव

नोंद देणाऱ्याला उत्तर मिळाले तर काय होते, याचे एक खरे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यात १९९८ साली सत्तर गावांसाठी संगणकांचा एक प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक-केंद्रे उघडली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे असे पुष्कळ काही तेथे मिळावे, असा बेत होता.

प्रत्यक्षात ही केंद्रे टिकून वापरली गेली ती मुख्यतः एका कामासाठी : साखर कारखाना आणि ऊस उत्पादक यांच्यातल्या नोंदींसाठी. याला शास्त्रीय कारण आहे. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, त्यामुळे तोड आणि गाळप यांचा मेळ बसवावाच लागतो. शेतकऱ्याचे प्रश्नही नेमके असतात. माझ्या उसाची तोड कधी येणार? काट्यावर वजन किती भरले? खत किती उचलले? या उत्तरांवर त्याची पुढची पेरणी आणि घरातला खर्च अवलंबून असतो.

पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन संस्थेने सात गावांत एक साधा प्रयोग केला. केंद्रातल्या संगणकाऐवजी मोबाइलवरचा लघुसंदेश. शेतकऱ्याने ठरावीक संदेश पाठवायचा, कारखान्यातल्या संगणकाकडून उत्तर यायचे. गावातला संगणक, त्याची दुरुस्ती, विजेचे भारनियमन या अडचणी त्यामुळे वाटेतून दूर झाल्या. यंत्र लहान झाले तरी काम अडले नाही, कारण प्रश्न ठरलेले होते आणि उत्तराची वाट पाहणारा माणूसही ठरलेला होता.

आम्ही या उदाहरणातून एवढाच निष्कर्ष काढतो की, मोठ्या बेतातल्या ज्या भागात नोंद देणारा आणि उत्तर घेणारा एकच होता, तो भाग जगला. यंत्रशास्त्रात याला प्रत्याभरण म्हणतात. वाफेच्या इंजिनावर जेम्स वॅटने बसवलेला गतिनियामक हे त्याचे जुने उदाहरण. चाकाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, वाफेची झडप मिटू लागते, वेग उतरतो. मोजमाप परत त्याच चाकाकडे येते. ज्या गतिनियामकाचे मोजमाप नुसते वहीत लिहिले जाते, त्याने इंजिन आवरत नाही.

आपल्या शाळेचे काय?

हा प्रश्न आता आपल्या दारात आणू. शाळाही नोंदी देतात. १९९० च्या दशकात जिल्हा पातळीवर सुरू झालेली शालेय माहितीची व्यवस्था २०१२-१३ मध्ये 'यू-डाइस' म्हणून एकत्र आली, २०१८-१९ पासून ती 'यू-डाइस प्लस' झाली. देशाला किती वर्गखोल्या हव्यात, किती शाळांत पाणी नाही, हे कळायला अशी व्यवस्था लागतेच. शाळेचे माहितीपत्रकही कोणालाही पाहता येते, ही तिची जमेची बाजू. तरी आपण स्वतःला विचारावे : गेल्या वर्षी जे रकाने भरले, त्यांतल्या किती रकान्यांमुळे आपल्याच शाळेतला एखादा निर्णय बदलला? उत्तर 'एकही नाही' असेल, तर दोष सगळा वरच्यांचा नाही. आपणही त्या नोंदी आपल्यासाठी वाचल्या नाहीत.

हजेरीपत्रक घ्या. महिनाअखेर सरासरी काढून आपण ते वर पाठवतो. सरासरी ८५ टक्के, चांगली. पण कापूस वेचणीच्या दिवसांत तीच पाच मुले सलग गैरहजर आहेत का, हे सरासरी सांगत नाही. लायन्सच्या दुकानातल्या बाईसारखा फक्त फरक टिपला, 'सलग तीन दिवस न आलेली मुले' एवढीच रोजची यादी केली, तर ती यादी वर्गशिक्षकाला त्याच संध्याकाळी त्या घरी घेऊन जाईल. ही माहिती प्रणाली आहे. तिला वही पुरते.

वरच्या वर्गांसाठी एक उपक्रम सुचवतो. मुलांना आपल्या घरचा किंवा गावातला एखादा व्यवसाय निवडू द्या : किराणा दुकान, दूध संकलन, पिठाची गिरणी, घरची शेती. एका कागदावर चार रकाने आखायला सांगा. कोण नोंद देतो? ती कोणाकडे जाते? तिने कोणाचा कोणता निर्णय बदलतो? देणाऱ्याकडे परत काय येते आणि किती दिवसांनी? मग पुस्तकातला त्रिकोण फळ्यावर काढून या कागदांशी ताडून पाहा. बहुतेक कागदांवर चौथा रकाना भरताना मुले अडतील. तेथे थांबा आणि चर्चा होऊ द्या.

ओलाव्याचा हिशेबही मुलांकडून करून घ्यावा. ९, १०, ११ आणि १२ टक्के धरून दोन्ही बाजू मांडल्या, तर शेकडेवारीचा धडा होतो आणि वाळवण्याचे श्रम कोणत्या ठिकाणी सार्थकी लागतात, तेही कळते. रोहिणखेडच्या एखाद्या घरात टेम्पो सांगण्याआधी कोणी तरी तो कागद काढून पाहिला, तर हे प्रकरण शिकवल्याचे चीज होईल.